नोकरीधंदा सांभाळून बुद्धिबळ सुधारायचं तर

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग, कुठल्याही गावात बुद्धिबळाचा अड्डा असो, इटालियन ओपनिंगच्या आठ-दहा चाली तोंडपाठ असलेले पस्तिशी-चाळिशीचे दोन-चार जण तिथे हमखास भेटतात. सुरुवात झोकात करतात आणि तेविसाव्या चालीला घोडा फुकट देऊन बसतात. मग घरी जाऊन काय करतात? नवं ओपनिंग शिकायला घेतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

१४०० ते १७०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) प्रौढ खेळाडूचे गुण साधारण तीन जागी गळतात. आपला बिनबचावाचा मोहरा दिसत नाही, समोरच्याने केलेली चाल नीट वाचली जात नाही आणि वजीर मारामारीत गेले की पुढे काय करायचं ते ठाऊक नसतं. ओपनिंगचा नंबर याच्या बराच नंतर लागतो, म्हणून इथेही तो मागेच ठेवला आहे.

आठवड्याचे पाच तास

नोकरी, घर, बाग, दुकान हे सगळं धरून आठवड्याला पाच तास निघाले तरी पुरतात, पण त्यांची वाटणी नीट हवी. रोज वीस मिनिटं कोडी, आठवड्यातले सहा दिवस: दोन तास झाले. एक सावकाश डाव: दीड तास. त्याच डावाची चिरफाड: एक तास. उरलेला अर्धा तास शेवटच्या खेळाला, म्हणजे एंडगेमला. ओपनिंगला वेळ उरत नाही असं वाटेल, पण ते डावाच्या चिरफाडीतच शिकून होतं.

रात्री अकराला अंथरुणात पडून मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे दहा डाव ठोकणं या पाच तासांत धरू नका. ती करमणूक आहे, खुशाल करा. मात्र त्यातून हाताला जी सवय लागते ती नेमकी उलटी असते: पहिली दिसली ती चाल करायची आणि समोरचा चुकेल अशी आशा धरायची.

इथलं वर्ष सरळ चालत नाही, हेही धरून चाला. एप्रिल-मे आंब्याचे. बागायतदार असाल तर त्या दोन महिन्यांत वीस मिनिटांची कोडी चालू राहिली तरी पुष्कळ. जून ते सप्टेंबर हा खरा अभ्यासाचा काळ. मच्छीमारांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने सवड मिळते. फक्त झडीच्या पावसात लाईट आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा कोडी पुस्तकातली किंवा आधी छापून आणलेली हवीत आणि पट खराखुरा हवा. स्पर्धेत खऱ्या मोहऱ्यांवर खेळायचं आणि सराव सगळा पडद्यावर, असं केलं की पटाच्या टोकाचा उंट नजरेतून सुटतो. पडद्यावर सगळा पट एका नजरेत मावतो, टेबलावर मान वळवावी लागते.

कोडी: थोडी, पण तीच तीच

रोज नवी पन्नास कोडी भराभर उडवण्यापेक्षा दीडशे कोड्यांचा एकच संच घ्या. सोपी घ्या: दोन-तीन चालींत मोहरा मिळतो किंवा मात होते अशी. फोर्क (एकाच मोहऱ्याचा दोघांवर हल्ला), पिन (हलला तर मागचा मोठा मोहरा उघडा पडतो), उघडा शह (पुढचा मोहरा हटला की मागच्याचा बसतो तो), मागच्या पट्टीवरची मात आणि बचाव करणारा मोहरा हटवणं, एवढे पाच प्रकार त्यात यायला हवेत. पहिली फेरी रोज सात-आठ कोड्यांची, तीन आठवडे. दुसरी रोज पंधरा, दहा दिवस. तिसरी रोज तीस, पाच दिवस. तिसऱ्या फेरीत उत्तर आठवतं म्हणून हे पाठांतर झालं असं वाटतं. चालेल. डावात तोच आकार समोर आला की तो ओळखीचा वाटावा, याचसाठी हा खटाटोप आहे.

उत्तर कागदावर लिहायचं, समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट, आणि मगच ताडून पाहायचं. ॲपवर इथेच गाडं अडतं. पहिली चाल अंदाजाने दाबली, बरोबर निघाली, की पुढचं ॲपच दाखवतं. हिशेब केलाच नाही, गुण मात्र वाढले.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. कोडं सोडवताना इथे काहीतरी आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. डावात ते कानात सांगायला कोणी येत नाही. म्हणून दर पाच कोड्यांमागे एक आपल्याच जुन्या डावातली साधी स्थिती घ्या आणि एकच प्रश्न विचारा: आत्ता समोरच्याची चाल असती तर त्याने माझं काय नुकसान केलं असतं? कधी उत्तर ‘काहीच नाही’ असंही येईल. तेही ओळखता यायला हवं.

चाल करण्याआधी

समोरच्याने चाल केली की आपण ज्या बेतात होतो तो क्षणभर बाजूला ठेवायचा. त्याचा मोहरा आला ती जागा सगळेच बघतात. तो जिथून उठला ती जागा मात्र फार थोडे बघतात. घोडा एफ६ वरून जी४ ला आला (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून १ ते ८) तर एच२ वर नजर जातेच, पण त्याच वेळी डी५ आणि एच७ या घरांवरचा घोड्याचा पहारा उठलेला असतो. मग दोन्ही बाजूंचे शह, मारामारी आणि धमक्या याच क्रमाने पाहायच्या. त्यानंतर दोन चाली निवडायच्या, एकच नाही. एकीवरच मन बसलं की तिच्यातली खोट दिसत नाही.

शेवटची पायरी दहा सेकंदांची आहे आणि सर्वांत जास्त डाव तीच वाचवते. निवडलेली चाल मनात पटावर झालेली धरायची आणि समोरच्याच्या खुर्चीत बसून बघायचं: आता मला कुठला शह आहे, कुठला मोहरा फुकट मिळतोय? बहुतेक जण शह-मार-धमकी हा हिशेब चाल शोधताना करतात आणि चाल सापडली की थांबतात. घोडा पडतो तो याच फटीतून. या पायरीपर्यंत हात टेबलाखाली ठेवा. आधी चाल लिहून मग करायची, ही जुन्या खेळाडूंची सवय फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत बसत नाही. आधी चाल, मग नोंद.

घड्याळाचं गणितही सोपं आहे. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद असा डाव असेल तर चाळीस चालींना एकूण ११० मिनिटं होतात, म्हणजे चालीला पावणेतीन मिनिटं. ती सारखी वाटायची नाहीत. ओळखीच्या पहिल्या आठ चाली पाच मिनिटांत होऊ द्या आणि डावाला वळण देणाऱ्या दोन-तीन चालींवर प्रत्येकी दहा-बारा मिनिटं घाला. अशी चाल ओळखायची खूण म्हणजे प्यादं पुढे सारणं किंवा मोठी अदलाबदल, कारण दोन्ही परत घेता येत नाहीत. दर पाच चालींनी नोंदीच्या कागदावर चालीशेजारी उरलेली मिनिटं लिहा. विसाव्या चालीला पंचेचाळीसच्या आसपास उरली असतील तर ठीक चाललंय.

एक प्यादं जास्त, तरी बरोबरी

शेवटच्या खेळात प्रौढ खेळाडूला सर्वांत लवकर फळ मिळतं, कारण इथलं ज्ञान थोडं आहे आणि जुनं होत नाही. सुरुवात राजा-प्यादं विरुद्ध एकटा राजा इथून. पट मांडूनच वाचा.

पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याला हलावं लागतं तो वाट सोडतो. काळा डी७ ला गेला की पांढरा राजा एफ६ वर घुसतो, एफ७ ला गेला तर डी६ वर.

आता तेच प्यादं ई४ ऐवजी ई३ वर ठेवा. बाकी सगळं तसंच, चाल पांढऱ्याची. पांढरा प्यादं ई४ ला सारतो आणि हलायची पाळी काळ्यावर येते. डाव जिंकला. हातात राखून ठेवलेली ती एक चाल म्हणजेच अख्खा डाव. म्हणून नियम असा की राजा पुढे काढायचा आणि प्यादं मागे राखायचं. क्लबात नेमकं उलटं होतं: प्यादं जास्त मिळालं की माणूस हरखतो आणि ते धावत पुढे नेतो, राजा मागून येतो.

बचाव करणाऱ्याने एकच गोष्ट घोटायची. पांढरं प्यादं ई६ वर, राजा डी५ वर आणि आपला काळा राजा ई७ वर असताना मागे सरकायचं तर सरळ ई८ ला. डी८ किंवा एफ८ ला गेलात की हरलात. ई८ ला गेल्यावर पांढरा डी६ ला आला तर डी८, एफ६ ला आला तर एफ८, समोरासमोर राहायचं. कडेचं प्यादं असेल, म्हणजे ए किंवा एच पट्टीवरचं, तर काळा राजा त्या प्याद्याच्या कोपऱ्यात पोचला की बरोबरी.

नंतर हत्तींचा शेवट, कारण क्लबातले लांबलेले डाव बहुतेक तिथेच येऊन थांबतात. दोनच स्थिती पक्क्या करा. बचावाची, फिलिडोर: काळा राजा ई८, पांढरा राजा डी५, प्यादं ई५, दोघांचा एकेक हत्ती. काळ्याने हत्ती सहाव्या आडव्या पट्टीवर ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा पुढे येत नाही. प्यादं ई६ ला गेल्याबरोबर हत्ती थेट पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि पाठीमागून शह देत सुटायचं. राजाला आता प्याद्याचा आडोसा उरत नाही. हत्ती सहावी पट्टी आधीच सोडून बसणं ही इथली नेहमीची चूक.

जिंकायची, लुसेना: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२. हत्ती ई१ शह, काळा राजा डी७. आता हत्ती ई४! पुढे पांढरा राजा एफ७ वरून बाहेर पडतो, काळा एफ आणि जी पट्टीवरून शह देत राहतो, राजा जी६, एफ६, जी५ असा खाली उतरतो आणि शेवटच्या शहाला हत्ती जी४ वर आडवा येतो. प्याद्याचा वजीर होतो. मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा खेळून पाहा, वाचून हे हातात बसत नाही.

ओपनिंग: कारणासकट, पाच चाली

पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ ला एक आणि डी४ ला एक, अशी तीन ओपनिंग बास. वर्षभर बदलायची नाहीत. पाठ केलेल्या प्रत्येक चालीपुढे ‘ही का’ हे एका ओळीत लिहिता आलं नाही तर ती चाल तुमची झाली नाही.

उदाहरण घ्या. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५. एफ७ वर घोडा आणि उंट दोघांचा डोळा. काळा डी५ करून उंटाची वाट अडवतो, पांढरा प्याद्याने डी५ मारतो. आता इथे काळ्याला घोड्याने डी५ मारावंसं वाटतं, प्यादं परत मिळतं ना! पण पांढरा घोडा एफ७ मारतो, राजाला तो मारावा लागतो, वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ चा घोडा सी४ च्या उंटापुढे पिन झालेला. तो वाचवायला राजाला ई६ वर, भर पटाच्या मधोमध यावं लागतं. पांढरा घोडा सी३ करून हल्ल्यात आणखी एक मोहरा आणतो. अचूक खेळलं तर काळा तगतो, असं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्रॅम, सांगेल. टेबलावर, घड्याळ चालू असताना, ते तगणं आपल्याच्याने होत नाही.

म्हणून काळ्याने घोडा ए५ करायचा, उंटावर हल्ला. उंट बी५ शह, प्यादं सी६, प्याद्याने मार, प्याद्याने मार. काळ्याचं एक प्यादं कमी, पण बी५ च्या उंटाला पुन्हा हलावं लागतं आणि काळ्याचे मोहरे भराभर बाहेर येतात. एवढं कारण माहीत असेल तर पुढची चाल विसरली तरी माणूस बुडत नाही.

हरलेल्या डावाची चिरफाड

इंजिन लावण्याआधी, शक्यतो त्याच रात्री, डाव पटावर मांडा आणि नोंदीच्या कागदावर पेन्सिलीने लिहा: कुठे जास्त वेळ घेतला, काय घाबरलो, कुठे आपण जिंकतोय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टॉकफिश हे इंजिन लावा. ते फुकट आहे आणि लिचेस या संकेतस्थळावर आयतं मिळतं. इंजिनचा आकडा दीड-दोन प्याद्यांनी कोसळला ती पहिली जागा शोधा आणि तिथेच थांबा. नवव्या चालीला इंजिन पाव-अर्ध्या प्याद्याने नाराज आहे म्हणून संध्याकाळ तिच्यावर घालवणारे पुष्कळ आहेत. तेवढ्याने या पातळीवर कोणी हरत नाही.

त्या चुकीला एक नाव द्या: फुकट मोहरा, हुकलेली युक्ती, चुकीची अदलाबदल, वेळेची घाई, शेवटच्या खेळातलं अज्ञान. वहीत तारीख, चाल क्रमांक, नाव, एवढंच. वीस डाव झाले की मोजा. सर्वांत लांब रांग ज्या नावाची, पुढचे तीन महिने त्याचे.

तोच तो भिडू

गावात खेळणारे तीनच, आणि त्यातला एक आंब्यात अडकलेला. एकाच माणसाशी वर्षानुवर्षं खेळलं की दोघं एकमेकांच्या सवयींशी खेळू लागतात, पटावरच्या स्थितीशी नाही. यावर तोड म्हणजे ठरवून दिलेल्या स्थितीतून खेळणं. एखाद्या गाजलेल्या डावातली पंचविसाव्या चालीनंतरची स्थिती मांडा, वीस-वीस मिनिटं घड्याळ लावा, मग बाजू बदलून तोच डाव पुन्हा. गणपतीत मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, त्यांत जाणते खेळाडू असतात. पडवीत तीन-तीन मिनिटांचे डाव काढण्यापेक्षा त्यांना एका दुपारी एक तासाच्या डावाला, घड्याळ आणि नोंदीसकट बसवा, आणि डावानंतर अर्धा तास तेच मोहरे हलवत बोला.

ओटीवरच्या डावाच्या सवयी मात्र क्लबाच्या दारात ठेवायच्या. चाल मागे घेणं, बघ्याने ‘अरे उंट बघ’ म्हणणं, मोहरा धरून विचार करणं, स्पर्धेत यातलं काही चालत नाही. मोहऱ्याला हात लावला की तोच हलवावा लागतो; नुसता घरात नीट बसवायचा असेल तर आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं. कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) एका हाताने आणि आधी राजा; हत्तीला आधी हात लावलात तर त्या चालीला त्या हत्तीशी कॅसलिंग गेलं. नियमबाह्य चाल केली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. घरचे जुने देशी नियम शिकून आलेल्यांनी एन पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं) पुन्हा एकदा पटावर करून बघावं, पंचांशी वाद बहुधा त्यावरूनच होतो.

सामानाचं थोडक्यात: राजाची उंची ९.५ सेंटिमीटर, पटाचं घर ५ ते ६ सेंटिमीटर, मोहरे वजनदार प्लास्टिकचे. लाकडी संच देखणा असतो, पण आपल्या दमट हवेत त्याच्या बुडाचा फेल्ट सुटतो आणि घडीचा पट वाकतो. विनाइलचा पट पावसाळ्यात ओलसर गुंडाळला तर बुरशी धरतो. पुसून, वाळवून मगच गुंडाळा.

स्पर्धा आणि रेटिंग

सकाळी नऊच्या फेरीसाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची तर आदल्या संध्याकाळी पोचा. रात्रभर एसटीत मान मोडून आल्यावर दुपारच्या फेरीत डोकं चालत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकीट काढण्याआधी ते पाहा. दोन फेऱ्यांमध्ये मासे-भात चापून खाऊ नका. केळी, दाणे, पाणी, चहा. मोबाईल बंद करून खेळाच्या दालनाबाहेर ठेवा. हरलेला डाव मधल्या वेळेत इंजिनला दाखवू नका, पुढच्या फेरीत त्याचा काडीचा उपयोग नसतो आणि मन तिथेच अडकतं.

रेटिंगचा अर्थही समजून घ्या. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालची रेटिंग एकदम वर उचलली: २००० ला जितके कमी, त्याच्या ४० टक्के वाढ. १५०० चा खेळाडू १७०० झाला, १२०० चा १५२०. किमान रेटिंग १००० वरून १४०० झालं. तेव्हा जुन्या आकड्याशी आजचा ताडून ‘सुधारलो’ म्हणू नका. पहिल्या तीस डावांत रेटिंग दुप्पट वेगाने हलतं, नंतर बरोबरीच्या खेळाडूकडून हरलात तर दहा गुण जातात, दोनशेने कमी असलेल्याकडून हरलात तर पंधरा. एका स्पर्धेने काही ठरत नाही, पन्नास डावांनंतर बघा.

आणि समोर दहा-अकरा वर्षांचं पोर येणार, हे गृहीत धरा. अठराखालच्या मुलांचं रेटिंगही तसंच दुप्पट वेगाने हलतं. तरीसुद्धा शिकवणीला जाणारं मूल बहुधा आपल्या आकड्याच्या पुढेच असतं. युक्त्यांत त्याचा हात धरता येत नाही. त्याच्याशी खुली मारामारी काढू नका. वजीर मारामारीत घालवा, डाव शेवटच्या खेळाकडे न्या, तिथे बहुतेक मुलं कंटाळतात आणि घाईने प्यादी सारतात. त्याने पाच सेकंदांत चाल केली म्हणून आपण पाच सेकंदांत उत्तर द्यायचं नाही, आणि तो विचार करत असताना चहाला उठायचं नाही.